लॅनच्या तारेतला नॉइज : फिल्टर विकत घेण्याआधी घरीच करायच्या तपासण्या

राउटर आणि म्युझिक स्ट्रीमर यांच्या मध्ये बसवायची एक छोटी डबी. दोन्ही टोकांना लॅनची जोडणी; बटण नाही, दिवा नाही, बहुतेकदा वेगळा वीजपुरवठाही लागत नाही. हाच नेटवर्क नॉइज फिल्टर. तो लावला की गायकामागची शांतता गहिरी होते, तंबोऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात, डग्ग्याला वजन येते, असे विक्रेते सांगतात. आयफाय कंपनीच्या ‘लॅन आयसायलेन्सर’सारख्या डब्या काही हजारांत मिळतात, तर खास संगीतासाठी म्हणून विकले जाणारे नेटवर्क स्विच लाखांच्या घरात जातात.

ज्यांच्या घरी स्ट्रीमर, डॅक (डिजिटल माहितीचा ॲनालॉग सिग्नल करणारे यंत्र), ॲम्प आणि चांगले स्पीकर आहेत, त्यांना हा खर्च करावा का असा प्रश्न पडणे साहजिक आहे. थोडक्यात उत्तर असे : बहुतेक घरांत या फिल्टरने ऐकू येईल असा फरक पडत नाही. काही घरांत पडतो. आणि ज्या घरात पडतो, तिथे तो का पडतो हे शोधता येते, मोजता येते आणि बहुधा फिल्टरपेक्षा कमी खर्चात तोच त्रास दूरही करता येतो. म्हणून खरेदीआधी तपासणी करावी. त्यासाठी तारेतून काय येते आणि काय येत नाही, हे नीट माहीत असायला हवे.

बिट सुधारत नाहीत, कारण ते बिघडलेले नसतात

इंटरनेटवरून किंवा घरच्या हार्ड डिस्कवरून येणारे गाणे इथरनेटच्या तारेतून तुकड्यातुकड्याने येते. एका तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती असते. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांची पडताळणीची संख्या जोडलेली असते. घेणारे यंत्र तीच संख्या स्वतः काढून पाहते. जुळली नाही तर तो तुकडा टाकून दिला जातो आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवला जातो. संगीत सेवांचे बहुतेक प्रसारण याच पद्धतीने चालते.

आता चुका होतात किती ते पाहू. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटचे मानक १९९९ साली आले. त्यानुसार हजार कोटी बिटांमागे सरासरी एकापेक्षा जास्त बिट चुकता कामा नये. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट लागतात. म्हणजे तार आणि यंत्रे मानकाच्या अगदी काठावर असली, तरी चुकीची पाळी सुमारे दोन तासांतून एकदा येईल, आणि तो तुकडाही पुन्हा मागवला जाईल. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या जड स्टिरिओ फाइलला सेकंदाला ९२ लाख बिट पुरतात. गिगाबिट तारेची क्षमता सेकंदाला शंभर कोटी बिटांची आहे, त्यामुळे एवढ्या जड फाइलसाठीही तिचा शंभरावा हिस्सा वापरला जात नाही.

ज्यांना खात्री करायची आहे, त्यांनी एक फ्लॅक फाइल फिल्टर लावून लॅपटॉपवर उतरवावी, मग फिल्टर काढून पुन्हा उतरवावी आणि दोन्ही प्रतींच्या चेकसमची, म्हणजे पडताळणीच्या संख्येची, तुलना करून पाहावी. ती अक्षरशः एकच निघते. फ्लॅक फाइलच्या माथ्यावर मूळ ध्वनीचा चेकसम लिहून ठेवण्याची सोयच असते. त्यामुळे आलेली फाइल मूळ ध्वनिमुद्रणाशी बिटागणिक जुळते की नाही, हे कोणालाही तपासता येते.

दुसरा दावा वेळेचा असतो. तारेवर तुकडे पुढेमागे पोचतात, त्या अनियमिततेला जिटर म्हणतात आणि फिल्टर तो काढतो, असे सांगितले जाते. पण इथरनेटवरून येणारे तुकडे थेट ध्वनीत बदलत नाहीत. ते आधी स्ट्रीमरच्या बफरमध्ये साठतात आणि तिथून डॅकच्या क्वार्ट्झ घड्याळाच्या तालावर बाहेर पडतात. तुकडा कधी आला याचा त्या घड्याळाशी संबंध राहत नाही. जुन्या कोॲक्सियल डिजिटल जोडणीत घड्याळाचा ताल त्याच तारेतून यायचा, म्हणून तिथे जिटरची चिंता खरी होती. तीच चिंता इथरनेटला लावणे चुकीचे आहे.

याची प्रचीती घरच्या घरी येते. गाणे सुरू असताना लॅनची तार स्ट्रीमरमधून काढून टाकावी. बरेच स्ट्रीमर बफरमधल्या साठ्यावर काही सेकंद, कधी काही मिनिटेही गात राहतात. त्या काळात तारही नसते आणि तारेतला नॉइजही नसतो. तारेने ध्वनी मळत असेल, तर तो याच क्षणी उजळायला हवा.

नेटवर्क खरोखर बिघडले की त्याची लक्षणे वेगळीच असतात. गाणे अडखळते, मध्येच टक् असा आवाज येतो किंवा सगळे थांबते. सूर मऊ होणे, मंच अरुंद वाटणे, वरच्या पट्टीची चमक कमी होणे ही हरवलेल्या बिटांची लक्षणे नव्हेत.

मग फिल्टरची कल्पना मुळातच खोटी आहे का? तसे नाही. मनीऑर्डरची रक्कम खड्ड्यांच्या रस्त्याने आली म्हणून कमी होत नाही. पण पोस्टमनच्या पायाला चिखल असेल, तर तो मात्र घरात येतो. लॅनच्या तारेचेही तसेच आहे. बिट शाबूत पोचतात, पण तार तांब्याची असल्यामुळे तिच्यावरून नको असलेले विद्युतप्रवाहही स्ट्रीमरपर्यंत येऊ शकतात. फिल्टरचे खरे काम असलेच तर ते एवढेच आहे.

नॉइज आत शिरतो कसा

राउटर, स्विच, हार्ड डिस्कचे खोके ही सगळी यंत्रे छोट्या दोन-पिनी अडॅप्टरवर चालतात. या अडॅप्टरांत विजेच्या बाजूपासून बाहेरच्या बाजूकडे एक बारीक गळती असते. ती सदोष मालामुळे होत नाही, ती रचनेचाच भाग आहे. दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाने या गळतीवर ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. माणसाला तिचा धोका नाही, पण हा प्रवाह जमिनीकडे जाण्याची वाट शोधत असतो. ती वाट काही वेळा लॅनच्या तारेतून स्ट्रीमरमध्ये, तिथून आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून ॲम्पमध्ये आणि ॲम्पच्या तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला, अशी असते.

आरसीए केबलमध्ये ती जाळी म्हणजे सिग्नलचीही परतीची वाट असते. त्यामुळे गळतीच्या प्रवाहाने जाळीच्या दोन टोकांत जो काही व्होल्टेज निर्माण होतो, तो सरळ गाण्यात मिसळतो. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक यांनी हे गणित ध्वनिअभियंत्यांना वर्षानुवर्षे समजावून सांगितले. आपल्या घराला लावून पाहू. गळती पूर्ण ०.२५ मिलिअँपिअर आणि जाळीचा विरोध ०.०५ ओहम धरला, तर साडेबारा मायक्रोव्होल्ट मिळतात. डॅकच्या दोन व्होल्टच्या पूर्ण सिग्नलपेक्षा हे सुमारे १०४ डेसिबलने खाली आहे. गाण्याचा सर्वांत मोठा क्षण खोलीत ९५ डेसिबलला पोचत असेल, तर हा नॉइज मानवी श्रवणाच्या उंबरठ्याखाली राहतो.

पण तोच आरसीए प्लग गंजलेला किंवा सैल असला आणि विरोध एक ओहमपर्यंत चढला, तर नॉइज फक्त ७८ डेसिबल खाली उरतो. रात्रीच्या शांततेत, स्पीकरजवळ, तो घरघर होऊन ऐकू येऊ शकतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत प्लगवर थर चढतो. म्हणून नॉइजची तक्रार असेल तर सर्वांत आधी सगळे प्लग काढून, स्वच्छ पुसून, घट्ट बसवावेत. याला पैसे पडत नाहीत.

दुसरी वाट उच्च वारंवारतेची आहे. अडॅप्टर आणि नेटवर्कच्या चिप लाखो, कोट्यवधी हर्ट्झवर चालतात. तो नॉइज तारेच्या सगळ्या जोड्यांवर एकसारखा स्वार होऊन येतो. तो कानाला ऐकू येत नाही, पण डॅक किंवा ॲम्पच्या ॲनालॉग भागात पोचला तर तिथे ऐकू येणारे उपद्रव निर्माण करू शकतो. चांगल्या यंत्रात त्याला दारातच अडवलेले असते. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले, की अनेक उत्पादक केबलची जाळी यंत्राच्या धातूच्या खोक्याला न जोडता थेट आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडतात आणि बाहेरच्या नॉइजला स्वतःहून आत घेतात. असे सदोष यंत्र घरात असेल, तर फिल्टरने फरक पडू शकतो. फरक पडला याचा अर्थ यंत्राची रचना कमकुवत आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक इथरनेट सॉकेटच्या मागे आधीपासूनच छोटे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात. मानकाप्रमाणे या जोडणीने १५०० व्होल्टचा ताण एक मिनिट सहन करायला हवा. ५० हर्ट्झच्या घरघरीला ही भिंत पुरेशी असते. ती भिंत मोडते जाळी असलेल्या लॅन केबलने. शिल्डेड केबलचे धातूचे प्लग दोन यंत्रांची खोकी एकमेकांना थेट जोडतात आणि गळतीला मोकळी वाट मिळते. महाग ‘ऑडिओफाइल’ लॅन केबल बहुधा जाळीवाल्या असतात. घरातल्या अंतरांसाठी प्लास्टिक प्लगची साधी, बिनजाळीची कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल या बाबतीत अधिक सुरक्षित आहे.

चाचण्या काय सांगतात

२०१५ च्या जुलैमध्ये ‘आर्स टेक्निका’ हे तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळ आणि जेम्स रँडी एज्युकेशनल फाउंडेशन यांनी लास वेगासमध्ये एक चाचणी घेतली. ऑडिओक्वेस्टची सुमारे ३४० डॉलरची ‘व्होडका’ इथरनेट केबल एका बाजूला आणि काही डॉलरची साधी केबल दुसऱ्या बाजूला. कोणती केबल जोडली आहे हे श्रोत्यांना माहीत नव्हते. त्यांना फरक ओळखता आला नाही. फिल्टर आणि केबल ही दोन वेगळी उत्पादने असली, तरी दावा एकच आहे : तारेच्या मार्गात केलेला बदल स्पीकरमध्ये ऐकू येतो.

कान किती सूक्ष्म फरक पकडू शकतात, यावर त्याहून मोठे प्रयोग झाले आहेत. २००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी हाय-रिझोल्यूशन ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जाच्या मार्गातून काढलेला, अशी तुलना ५५४ वेळा करून घेतली. बरोबर उत्तरे आली २७६, म्हणजे नाणे उडवल्यावर येतील तेवढीच. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. तिथे बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले; प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते आणखी वर गेले. म्हणजे अगदी बारीक फरकही काही वेळा ओळखता येतात, पण त्यासाठी कसून तयारी लागते. हाय-रिझोल्यूशनच्या बाबतीत निदान सिग्नल तरी मोजता येण्याइतका वेगळा असतो. फिल्टर लावल्यावर डॅकच्या बाहेर मोजता येणारा काहीही बदल नसेल, तर कानाला ऐकू येण्यासारखे काही उरत नाही.

तरीही असंख्य प्रामाणिक श्रोते फरक ऐकल्याचे सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. नवे यंत्र लावल्यावर माणूस अधिक लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष दिले की त्याच ध्वनिमुद्रणात नवे तपशील सापडतात. किशोरी आमोणकरांच्या आलापातल्या विरामांत तंबोऱ्याची जवारी आधीही होती. आता ती जाणवली. हे श्रेय ऐकणाऱ्याच्या अवधानाचे आहे.

घरी करायची तपासणी

पहिली पायरी : घरघर आहे का? गाणे थांबवावे, ॲम्पचा आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवावा, पंखा आणि एसी बंद करावे आणि स्पीकरपासून हातभर अंतरावर कान न्यावा. काहीच ऐकू आले नाही किंवा फक्त बारीक ‘स्स्’ असा एकसारखा आवाज आला, तर तो ॲम्पचा स्वतःचा आवाज आहे. बसण्याच्या जागेवर तोही ऐकू येत नसेल तर नेटवर्कच्या नॉइजचा विचार सोडून द्यावा. तपासणी संपल्यावर, गाणे लावण्याआधी, आवाज खाली आणायला विसरू नये; स्पीकर फुटू शकतो.

दुसरी पायरी : घरघर किंवा खरखर येत असेल तर लॅनची तार काढावी. आवाज थांबला तर तो तारेच्या वाटेने येतो आहे. थांबला नाही तर नेटवर्क निर्दोष आहे आणि शोध दुसरीकडे घ्यावा.

दुसरीकडे म्हणजे कुठे, याची यादी भारतीय घरांत ठरलेली आहे. डिश अँटेना किंवा केबल टीव्हीची कोॲक्सियल तार सेट-टॉप बॉक्समार्गे ॲम्पला जोडलेली असेल, तर ती ग्राउंड लूपचे, म्हणजे यंत्रे एकाहून अधिक वाटांनी जमिनीला जोडली जाण्याचे, फार मोठे कारण असते. ती काढून पाहावी. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवरचा पंखा मंद वेगावर ठेवला की जुन्या पद्धतीचे काही रेग्युलेटर विजेच्या तारांत खरखर सोडतात. इन्व्हर्टर बॅटरीवर असताना आवाज वाढत असेल तर त्याचे आउटपुट शुद्ध साइन वेव्हचे आहे का, ते पाहावे. घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर वापरात असतील तर ते काढावेत. त्यांचा सिग्नल मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्या वायरिंगवर पसरतो.

आणि अर्थिंग. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेचे सॉकेट असते, पण मागे अर्थची तार असेलच असे नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्यावे. घरघर थांबवण्यासाठी ॲम्पची अर्थ पिन तोडण्याचा किंवा तिच्यावर टेप लावण्याचा उपाय कोणीही सुचवला, तरी तो कधीही करू नये. बिघाड झाला तर ॲम्पचे धातूचे खोके २३० व्होल्टवर जाऊ शकते. त्यात जीव जातो.

तिसरी पायरी त्यांच्यासाठी, ज्यांना मोजमाप करायला आवडते. साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर डॅकच्या आउटपुटचा नॉइज तपासता येतो. फिल्टर लावून आणि काढून दोन आलेख घ्यावेत आणि ५०, १००, १५० हर्ट्झच्या शिखरांची तुलना करून पाहावी. शक्यतो लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, नाहीतर त्याच्याच चार्जरचा नॉइज मोजला जातो.

नॉइज तारेतूनच येत असेल तर

उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने करावेत आणि प्रत्येक उपायानंतर थांबून ऐकावे. घरघर गेली की पुढचा उपाय लागत नाही.

जाळीची लॅन केबल असेल तर ती बदलून बिनजाळीची लावावी. खर्च शे-दोनशे रुपये.

स्ट्रीमरमध्ये वायफाय असेल तर ते वापरून पाहावे. वायफायमध्ये तांब्याची जोडणीच उरत नाही, त्यामुळे तारेवरून येणारा नॉइज मुळापासून बंद होतो. इमारतीत राउटरांची गर्दी असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या जड फाइललाही सेकंदाला ९२ लाख बिटच लागतात, हे वर आलेच आहे. गाणे न अडखळता चालत असेल तर वायफाय कमी दर्जाचे, ही भीती ठेवू नये.

स्ट्रीमर आणि डॅक वेगवेगळे असतील तर त्यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल लावावी. तोशिबाने १९८३ साली आणलेली टॉसलिंक जोडणी आजही बहुतेक डॅकवर असते. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे गळतीला पुढे सरकायला वाटच राहत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती सहसा निर्धास्त चालते.

डॅक आणि ॲम्प दोन्हींना एक्सएलआर जोडणी असेल तर आरसीएऐवजी ती वापरावी. या बॅलन्स्ड जोडणीत जाळी सिग्नलची परतीची वाट नसते, म्हणून गळतीचा प्रवाह गाण्यात फारच कमी मिसळतो.

तारच हवी असेल आणि ती नॉइजमुक्तही हवी असेल, तर मध्ये ऑप्टिकल फायबरचा तुकडा घालावा. त्यासाठी दोन मीडिया कन्व्हर्टर आणि एक फायबर पॅच कॉर्ड लागते. टीपी-लिंकसारख्या कंपन्यांचे कन्व्हर्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही नेटवर्किंगच्या दुकानात मिळतात. काच वीज वाहत नाही, त्यामुळे राउटरकडची सगळी गळती तिथेच थांबते. एक पथ्य मात्र पाळावे. स्ट्रीमरजवळच्या कन्व्हर्टरलाही अडॅप्टर असतो आणि त्याचीही गळती असते, म्हणून त्या बाजूची तार बिनजाळीचीच ठेवावी.

फायबरचा आणखी एक फायदा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. अनेक सोसायट्यांत इंटरनेटची तांब्याची लॅन केबल गच्चीवरून, इमारतीच्या बाहेरून ओढलेली असते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की अशा तारेवरून येणारा झटका राउटरचे आणि त्याला जोडलेल्या यंत्रांचे पोर्ट जाळू शकतो. मध्ये फायबर असेल तर महागड्या स्ट्रीमरपर्यंत तो झटका तारेतून पोचत नाही. आवाजात फरक पडो वा न पडो, या एका कारणासाठीही हा खर्च योग्य आहे.

रुग्णालयांसाठी बनवलेले नेटवर्क आयसोलेटर हा आणखी एक पर्याय. रुग्णाच्या हृदयाशी जोडलेल्या उपकरणातून सामान्य स्थितीत ०.०१ मिलिअँपिअरपेक्षा जास्त गळती होऊ नये, असा वैद्यकीय मानकाचा दंडक आहे. त्यासाठी जर्मनीतल्या बास्के मेडिकलसारख्या कंपन्या चार हजार व्होल्टपर्यंतचे इन्सुलेशन देणारे छोटे आयसोलेटर बनवतात. आतले तत्त्व ट्रान्सफॉर्मरचेच. संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक फिल्टरांत याहून वेगळे काही नसते. फरक असतो तो किमतीत आणि कागदपत्रांत. वैद्यकीय आयसोलेटरला मोजमापाचे प्रमाणपत्र असते.

कानाची परीक्षा कशी घ्यावी

फिल्टर उसना मिळाला असेल किंवा परतीच्या मुदतीवर घेतला असेल, तर ऐकण्याची चाचणी नीट करावी. ही पद्धत जुनी आहे; न बघता तुलना करण्याच्या एबीएक्स चाचणीचा पाया १९५० साली बेल लॅबोरेटरीजच्या मन्सन आणि गार्डनर यांनी घातला.

घरातल्या एखाद्याची मदत घ्यावी. त्याने प्रत्येक फेरीला नाणे उडवून फिल्टर लावायचा की नाही हे ठरवावे, कागदावर लिहावे आणि ऐकणाऱ्याच्या नजरेआड जोडणी बदलून खोलीबाहेर जावे. चेहऱ्यावरूनही सुगावा लागता कामा नये. दोन्ही वेळा तार काढून पुन्हा लावण्याची कृती सारखीच करावी, म्हणजे लागणाऱ्या वेळावरून अंदाज येणार नाही. आवाजाच्या बटणाला हात लावू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘अधिक चांगला’ वाटतो. प्रत्येक वेळी तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकावा. तंबोरा आणि मंद आलाप असलेला नवा, स्वच्छ डिजिटल मुद्रणाचा तुकडा यासाठी उत्तम. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व यांची जुनी टेपवरची मुद्रणे संगीत म्हणून अमोल आहेत, पण या कामासाठी नकोत. ॲनालॉग टेपची स्वतःचीच सळसळ संगीताच्या ६० ते ७० डेसिबल खाली असते आणि त्याखालचे सगळे ती झाकून टाकते.

अशा १६ फेऱ्या कराव्यात. एका बैठकीत कान थकतात, म्हणून दोन दिवसांत विभागल्या तरी चालतील. १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर ती निव्वळ अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. मग फरक खरा मानावा आणि पुन्हा एकदा १६ फेऱ्यांनी खात्री करावी. आठ-नऊ बरोबर आली तर फिल्टर परत करावा. हा निकाल कानाचा अपमान नाही. त्या घरात त्या डबीला काम नव्हते, एवढेच त्यातून कळते.

तेच पैसे दुसरीकडे

नेटवर्कच्या नॉइजची चर्चा शंभर डेसिबल खालच्या गोष्टींची असते. खोलीचा परिणाम दहा डेसिबलचा असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झला ध्वनी दोन भिंतींमध्ये उभा राहतो. त्या वारंवारतेच्या आणि तिच्या पटीतल्या सुरांना काही जागी फुगवटा येतो, तर काही जागी ते नाहीसेच होतात. फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवली की तिचा झणकार ऐकू येतो. तोच झणकार प्रत्येक तानेवर चढतो. वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या व्याख्यानगृहात गाद्या-उशा टाकून हाच परिणाम मोजला आणि खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला.

म्हणून स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणून पाहावेत. ऐकण्याची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नये. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडक्यांना घडीदार पडदे आणि एका भिंतीशी पुस्तकांचे उघडे कपाट, एवढ्याने मधल्या आणि वरच्या सुरांचा झणकार ऐकू येण्याइतका उतरतो. खर्जासाठी मोजमापाचा मायक्रोफोन घेऊन, डिजिटल रूम करेक्शनने फुगवटे कापता येतात. एका मध्यम किमतीच्या ऑडिओफाइल स्विचच्या रकमेत हे सगळे बसते आणि फरक घरातल्या प्रत्येकाला, डोळे मिटून, पहिल्याच फेरीत ओळखता येतो.

इतके करूनही तारेतून येणारी घरघर सिद्ध झाली, वायफाय किंवा फायबर शक्य नसले आणि फिल्टरच घ्यायचा ठरला, तर विक्रेत्याकडे चार गोष्टी मागाव्यात. कोणत्या वारंवारतेला किती डेसिबल नॉइज कमी होतो, याचा आलेख. इन्सुलेशन किती व्होल्टचे आहे, याचा लेखी आकडा. वेग गिगाबिटचाच राहतो की १०० मेगाबिटवर येतो, याचे स्पष्ट उत्तर; काही फिल्टरांत तारेच्या चारपैकी दोनच जोड्या पुढे नेलेल्या असतात. संगीताला तो वेग पुरतो, पण घरच्या सर्व्हरवर मोठ्या फाइल हलवणाऱ्यांना अडचण होईल. घरातले एखादे यंत्र लॅनच्या तारेतूनच वीज घेत असेल तर ती वीज सहसा आयसोलेटरच्या पलीकडे जात नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि चौथी गोष्ट, किमान दोन आठवड्यांची परतीची मुदत, बिलावर लिहून. सोळा फेऱ्या शांतपणे करायला तेवढा वेळ लागतो.